लू-पांग नावाचा शास्त्रज्ञ

कंट्रोल सिस्टिम्सच्या ओरलला एक्स्टर्नलनी माझं जर्नल उघडलं, दोन-चार पानं चाळली आणि शेवटच्या प्रयोगाच्या 'कन्क्लुजन'वर पेन टेकवलं. तिथे माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, 'द डिझाइन्ड कंट्रोलर इज रोबस्ट.'

"रोबस्ट म्हणजे काय?"

"सर, रोबस्ट म्हणजे... स्ट्राँग."

"आणि स्ट्राँग म्हणजे?"

"म्हणजे... रोबस्ट, सर."

"बरं. कशापुढे रोबस्ट?"

आता हा प्रश्न कुठल्या लोकल ऑथरमध्ये होता, सांगा बघू! मी छताच्या पंख्याकडे पाहिलं. सर रागावले नाहीत, हसलेही नाहीत. त्यांनी चहाचा कप उचलला आणि पुढचा रोल नंबर बोलावला. खरं सांगायचं तर ते वाक्य मी वरच्या बॅचच्या जर्नलमधून जसंच्या तसं उतरवलं होतं. त्यांनी ते त्यांच्या वरच्यांकडून घेतलं असणार. मूळ लेखक कोण, हा इतिहास विभागाचा प्रश्न आहे.

ही गोष्ट मी विसरूनही गेलो असतो. पण पुढच्या उन्हाळ्यात परदेशातल्या एका विद्यापीठात दोन महिने इंटर्नशिपला गेलो आणि तिथे शेजारच्या टेबलावर एक चिनी मुलगा भेटला. (नाव सांगत नाही, त्याची परवानगी घेतलेली नाही.) शांडोंग प्रांतातला, कंट्रोलचाच विद्यार्थी. त्याचं पदवीपर्यंतचं सगळं शिक्षण चिनी भाषेत झालेलं. पुस्तकं चिनी, लेक्चर्स चिनी, परीक्षा चिनी. लॅपलास ट्रान्सफॉर्मसुद्धा चिनीतच! आता पहिला पेपर इंग्रजीत लिहायचा म्हणून बिचारा घायकुतीला आलेला. एकदा मी त्याला माझी ओरलची फजिती सांगितली तर तो पोट धरून हसला आणि म्हणाला, "तुझं काहीच नाही. मी तिसऱ्या वर्षापर्यंत समजत होतो की रोबस्ट हा माणूस आहे."

झालं असं. 'रोबस्ट कंट्रोल'ला त्यांच्या पुस्तकांत म्हणतात 'लू-पांग' कंट्रोल. पुस्तकात एका पानावर ल्यापुनोव्हची स्टॅबिलिटी, दुसऱ्या पानावर नायक्विस्टचा निकष, आणि तिसऱ्या पानावर लू-पांग कंट्रोल. ल्यापुनोव्ह रशियन, नायक्विस्ट जन्माने स्वीडिश, दोघांचीही नावं चिनी अक्षरांत उच्चारावरून लिहिलेली. मग लू-पांग हा आपल्यातलाच कुणी थोर चिनी शास्त्रज्ञ असणार, असं पोराला वाटलं तर त्यात त्याची काय चूक? 'लू' हे तर तिथलं सरळ सरळ आडनाव आहे. असा समज झालेला तो एकटाच नव्हे. चिनी विद्यार्थ्यांमध्ये हा विनोद जुना आहे.

उच्चाराबद्दल एक सांगून टाकतो, पुढे उपयोगी पडेल. चिनी भाषा रोमन लिपीत लिहायची 'पिनयिन' पद्धत १९५८ साली आली. तिच्यात हा शब्द लिहिताना 'बी' हे अक्षर वापरतात, म्हणून इंग्रजीवाले 'लुबांग' वाचतात. पण चिनी माणसाच्या तोंडून येतो तो जवळजवळ आपला 'प'. त्यांचा 'बी' म्हणजे आपला प, त्यांचा 'पी' म्हणजे फणसातला फ. तसंच 'डी' म्हणजे त, 'जी' म्हणजे क. बीजिंगला ते लोक पेइचिंगसारखं काहीतरी म्हणतात ते याचमुळे. इंग्रजांना हा फरक ऐकायला जड जातो. आपल्याला नाही, कारण क-ख, प-फ आपण बालवाडीतच वेगळे केलेत. परदेशात मराठीचा असा फायदा होईल हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

असो. तर 'रोबस्ट'चा कानाला लागेल तेवढा आवाज घेऊन दोन अक्षरं निवडली गेली. पण चिनी लिपीची गंमत अशी की नुसता आवाज लिहिताच येत नाही, प्रत्येक अक्षराला अर्थ चिकटलेला असतोच. 'लू' म्हणजे आडदांड, मंद, अविचारी. शिवाय तेच अक्षर शांडोंग प्रांताची खूण आहे. तिथल्या गाड्यांच्या नंबर प्लेटवर ते असतं, कारण कन्फ्यूशियसचं जुनं लू राज्य तिथलं. 'पांग' म्हणजे सोटा, दांडकं. म्हणजे लू-पांगचा शब्दशः अर्थ 'आडदांड सोटा' किंवा फार तर 'शांडोंगचं दांडकं'. माझ्या मित्राच्या डोळ्यांसमोर यायचा तो 'वॉटर मार्जिन' या जुन्या कादंबरीतला लू चि-शन, बासष्ट चिनी शेरांचा लोखंडी दंड फिरवणारा धिप्पाड भिक्षू. आपल्याकडे गदा घेतलेला भीम यावा तसा.

अगदीच अन्याय नको. बोलीभाषेत 'पांग'चा दुसरा अर्थ 'झकास, तब्येतीने ठणठणीत' असाही होतो. म्हणजे अक्षर निवडणाऱ्याने डोकं वापरलं होतं. तरीही पहिल्यांदा वाचणाऱ्याला त्यातून 'मॉडेल चुकलं तरी बिघडत नाही' हा अर्थ सात जन्मांत लागणार नाही.

आणि एवढ्यावर भागत नाही. हाच इंग्रजी शब्द संख्याशास्त्राच्या चिनी पुस्तकात गेला की 'वन-च्यन' होतो, म्हणजे स्थिर आणि सुदृढ. सॉफ्टवेअरच्या पुस्तकात बऱ्याचदा 'च्यन-च्वांग' होतो, म्हणजे धट्टाकट्टा. तैवानमध्ये कंट्रोलवाल्यांनीही लू-पांगला हात लावला नाही, ते 'छ्यांग-च्यन' म्हणतात, बलवान आणि सुदृढ. त्यावर कडी म्हणजे कँटीनमध्ये मित्राने सांगितलेली गोष्ट. १९८९ साली क्वांगतुंग प्रांतात सुरू झालेली 'ल-पाय-श' नावाची एक कंपनी आहे. मुलांसाठी बाटलीतलं गोड दुधाचं पेय विकून ती घराघरात पोचली आणि २००० साली फ्रान्सच्या दानोनने तिचा मोठा हिस्सा घेतला. तिचं रोमन अक्षरांतलं नाव काय असावं? 'रोबस्ट'! म्हणजे ज्या शब्दाने पदवीला असताना त्याला छळलं, तो शब्द तो लहानपणी स्ट्रॉने पीत होता. दोन्ही एकच आहेत हे त्याला बाविसाव्या वर्षी कळलं. दूधवाल्यांनी 'आनंद' आणि 'शंभर' अशी शुभ अक्षरं निवडली. इंजिनिअरांच्या वाट्याला सोटा आला.

आता इंग्रजी शब्दाचं मूळ बघू. लॅटिनमध्ये 'रोबर' म्हणजे ओक वृक्ष, त्याचं कठीण लाकूड, आणि त्यावरून ताकद. 'रोबुस्तुस' म्हणजे ओकच्या लाकडाचा, दणकट. युरोपातल्या ओकचं शास्त्रीय नाव आजही क्वेर्कस रोबर आहे. साक्षीला बळकटी आणणे या अर्थाचा 'कॉरॉबोरेट' त्याच घरातला, आणि रोबस्टा कॉफीसुद्धा. काही भाषाशास्त्रज्ञ हे 'रोबर' लाल रंगाच्या जुन्या शब्दाशी जोडतात, ओकचा गाभा लालसर म्हणून. तसं असेल तर आपलं 'रुधिर' त्याचं चुलत भावंड ठरतं. इंग्रजीत शब्द आला सोळाव्या शतकात. तेव्हापासून शरीर, तब्येत, दारूची चव असल्या गोष्टींना तो लागत राहिला.

आपल्या धंद्यात तो फार उशिरा आला. १९५३ साली जॉर्ज बॉक्स या संख्याशास्त्रज्ञाने तो वापरला. एखादी चाचणी ज्या गृहीतकांवर उभी आहे ती थोडी खोटी निघाली तरी चाचणीचा निकाल कोसळत नसेल, तर ती रोबस्ट. त्याच लेखात त्याने एक मस्त टोमणा मारलाय. सरासरीची तुलना करणाऱ्या चाचण्या बऱ्यापैकी दणकट असतात. त्या वापराव्यात की नाही हे ठरवायला आधी नाजूक चाचणी लावणं म्हणजे मोठी आगबोट सोडण्याइतका समुद्र शांत आहे का हे बघायला होडकं वल्हवत जाणं! कंट्रोलमध्ये शब्द रुळला १९७० च्या दशकात. कारण असं की तोवर 'ऑप्टिमल' कंट्रोलचा फार बोलबाला झाला होता. गणिताने सर्वोत्तम कंट्रोलर मिळतो, मग आणखी काय हवं? १९७८ साली जॉन डॉइल या तरुण संशोधकाने एक छोटा पेपर लिहिला. एलक्यूजी पद्धतीच्या रेग्युलेटरला खात्रीचं मार्जिन किती, हा विषय. गोषवारा फक्त तीन शब्दांचा, आणि त्याचा अर्थ: काहीच नाही. कागदावर सर्वोत्तम असलेला कंट्रोलर प्रत्यक्षातला प्लांट मॉडेलपेक्षा किंचित वेगळा निघाला तर अनस्टेबल होऊ शकतो, हे त्याने एका साध्या उदाहरणाने दाखवलं. आणि प्रत्यक्षातला प्लांट वेगळा असतोच. मोटर तापते, रेझिस्टन्स वाढतो, बेअरिंग झिजतं, लोड बदलतो. एवढं सगळं एका ठरलेल्या मर्यादेत बदललं तरी जो काम सोडत नाही तो रोबस्ट.

म्हणजे एक्स्टर्नल बरोबर होते. 'कशापुढे?' हा प्रश्न त्या शब्दाच्या पोटातच आहे. कशापुढे ते सांगितलं नाही तर 'रोबस्ट' हे वाक्य अर्धंच राहतं.

आता चिनी विद्यार्थ्याच्या बाजूने पाहा. त्याला इंग्रजी शिकावं लागतं ते शब्दांच्या याद्या घोकून. त्यांच्याकडे कॉलेजात एक परीक्षा असते, तिलाही सीईटी म्हणतात (आपल्या सीईटीशी संबंध नाही, घाबरू नका). तिच्या तयारीची जी शब्दांची पुस्तकं मिळतात, त्यांतली कित्येक एबीसीडीच्या क्रमाने असल्यामुळे 'अबॅन्डन' या शब्दाने सुरू होतात. अबॅन्डन म्हणजे सोडून देणे. बरेच जण पहिल्या शब्दाचा अर्थ शिकून तो लगेच अमलात आणतात, असा त्यांचा लाडका विनोद आहे. ही चिकाटी थट्टेवारी नेण्यासारखी नाही, आपण तेवढी मेहनत घेतलेली नाही. पण यादीत 'रोबस्ट'समोर असतं एखादंच चिनी अक्षरयुग्म. तो 'वन-च्यन' पाठ करतो आणि फसतो.

कारण 'वन-च्यन'मध्ये सावधपणाची छटा आहे, जपून पावलं टाकण्याची. चीनच्या मध्यवर्ती बँकेच्या 'वन-च्यन' चलन धोरणाचं अधिकृत इंग्रजी भाषांतर 'प्रूडंट' असं होतं. रोबस्ट नव्हे! इंग्रजीतला 'रोबस्ट' मात्र जपून चालणारा नाही, तो धक्के खात आणि देत चालणारा आहे. 'रोबस्ट डिबेट' म्हणजे संथ, समतोल चर्चा नव्हे. कुणी कुणाची भीड ठेवली नाही अशी चर्चा. सभ्य इंग्रजीत कडाक्याच्या भांडणालाही तसं म्हणतात. माझ्या मित्राने एकदा आमच्या गाइडला ईमेल लिहिली की दुसऱ्या ग्रुपबरोबर काल 'रोबस्ट डिस्कशन' झालं. त्याला म्हणायचं होतं, चर्चा नीट, शांतपणे झाली. गाइड धावत लॅबमध्ये आले, काय झालं, कोण कुणाला काय बोललं? बिचाऱ्याला कळेना की आपण कुठला बाँब टाकला.

माझं मत विचाराल तर इंग्रजी शिकणाऱ्या चिनी मुलाला या शब्दासमोर एकही चिनी शब्द लिहून देऊ नये. त्याला तो एक्स्टर्नलचा प्रश्न द्यावा. रोबस्ट इकॉनॉमी? कशापुढे? तेलाचे भाव वाढले, निर्यात घटली तरी टिकणारी. रोबस्ट एव्हिडन्स? उलटतपासणीपुढे. रोबस्ट म्हातारा? थंडीपुढे, जिन्यापुढे, वयापुढे. प्रश्न लागू पडला की शब्द बहुतेक वेळा बरोबर बसतो. चवीसारख्या दोन-चार जागी नाही बसणार, तेवढं चालायचंच.

आणि गंमत म्हणजे हा प्रश्न चिनी भाषेतल्याच एका शब्दात आहे. जमीन मोजणीच्या, म्हणजे जिओडेसीच्या लोकांनी 'रोबस्ट एस्टिमेशन'ला लू-पांगही म्हटलं नाही आणि वन-च्यनही नाही. त्यांनी शब्द केला 'खांग-छा'. खांग म्हणजे प्रतिकार करणे, छा म्हणजे चूक, तफावत. चुकीला दाद न देणारं अनुमान. एखादं रीडिंग साफ चुकलं तरी उत्तर हलत नाही, हे नावातच आलं. ज्याने कुणी हा शब्द केला त्याला आधी विषय पुरता कळलेला होता, एवढं नक्की.

असे शब्द चिनी भाषेत बरेच आहेत. एन्ट्रॉपीचंच घ्या. १९२३ साली नानचिंगमध्ये हू कांग-फू या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाने तिच्यासाठी एक अक्षर नव्याने बनवलं, 'शांग'. भागाकाराच्या उत्तराचं जे अक्षर, त्याच्या डाव्या बाजूला त्याने अग्नी लावला. उष्णता भागिले तापमान! थर्मोच्या पेपरला डेफिनेशन आठवली नाही तर ते लोक नुसतं अक्षर बघू शकतात. (कॉपी म्हणता येणार नाही.) लेसरला आधी 'लाय-साय' असं आवाजावरून म्हणायचे. १९६४ साली छ्येन श्युए-सन या रॉकेटशास्त्रज्ञाने 'ची-क्वांग', म्हणजे उद्दीपित प्रकाश, हा शब्द सुचवला आणि लाय-साय मागे पडला. मग लू-पांगच का टिकून राहिला? पुस्तकं छापली गेली, पिढ्या शिकल्या, परीक्षेत तोच येतो. दुसरं काय! शब्द एकदा सिलॅबसमध्ये गेला की त्याला बाहेर काढणं देवालाही जमत नाही.

मी मित्राला म्हटलं, "तुमचं बरं आहे, तुमच्याकडे एका शब्दाला पाच शब्द आहेत." तो म्हणाला, "तुमचं बरं आहे, तुम्हाला मुळातला शब्दच येतो." यावर मी गप्प बसलो. कारण त्याला शब्द येत नव्हता, पण फळ्यावर एका ओळीत अनसर्टन्टीचं गणित मांडून तो 'कशापुढे' ते दाखवू शकत होता. मला शब्द येत होता. स्पेलिंगसकट. मोठ्या फाँटमध्ये, बोल्ड करून.

आपण इंग्रजीत शिकतो म्हणून पुढे आहोत, असं आपल्याला शाळेपासून सांगितलं गेलं. त्यात तथ्य नाही असं मी म्हणत नाही, त्या लॅबमध्ये त्याचे ईमेल मीच तपासून देत होतो. पण लू-पांग हा शब्द निदान बोचतो. वाचणारा अडखळतो, विचारतो की हा लू-पांग कोण बाबा. 'रोबस्ट' आपल्या घशातून विनातक्रार खाली उतरतो. रिपोर्टमध्ये, पीपीटीमध्ये, प्लेसमेंटच्या बायोडेटामध्ये. कुणी अडवतच नाही, नशिबाने एखादा एक्स्टर्नल भेटला तर भेटला.

२०२१-२२ पासून एआयसीटीईने मराठीसह काही भारतीय भाषांतून इंजिनिअरिंग शिकवायला परवानगी दिली. त्यावर कॉलेज कट्ट्यावर जे विनोद व्हायचे ते झाले, मीही केले. आता वाटतं, त्या वर्गाच्या मास्तरांना 'रोबस्ट'पाशी थांबावंच लागणार आहे. आपल्याकडे भाषा संचालनालय १९६० पासून आहे, त्यांचे परिभाषा कोशही आहेत. पण आपल्यातल्या किती जणांनी लायब्ररीत तो कोश उघडून पाहिलाय? मीही नव्हता पाहिला.

निघायच्या आदल्या दिवशी मित्राने विचारलं, "तुमच्या भाषेत रोबस्टला काय म्हणतात?" मी म्हटलं, "रोबस्ट." तो म्हणाला, "ते इंग्रजी झालं. तुमच्या भाषेत?" मग मी बसून विचार केला. भक्कम? ती भिंत असते. टणक? टणक वस्तू एका घावात तडकते. मजबूत, दणकट? जवळ येतात, पण त्यांच्यात आकाराचा रुबाब फार. शेवटी आठवली आमची आजी. अंगाने एवढीशी, पण ऊन असो, पाऊस असो, उपास असो, रात्रभराचं जागरण असो, पहाटे पाचला अंगणात झाडू घेऊन हजर. तिला गावात कुणी कधी बलवान म्हटलं नाही. सगळे म्हणायचे, म्हातारी काटक आहे. मी त्याला सांगितलं, "काटक." आजीचं वर्णनही केलं. त्याला पटलं. "हा खांग-छाच्या घरातला आहे," म्हणाला.

मग त्याने तो शब्द दोन-तीनदा म्हणून पाहिला आणि वहीत पिनयिनमध्ये लिहून घेतला. त्यांचा 'जी' म्हणजे आपला क, 'डी' हा ट ला जवळचा, आणि शब्दाच्या शेवटी नुसता 'क' त्यांना म्हणता येत नाही म्हणून पुढे एक स्वर. मी वहीत डोकावून रोमन अक्षरं वाचली: गाडगे. आमच्या बॅचला दोन गाडगे आहेत. त्याच्या वहीत आता लू-पांगच्या शेजारी तिसरा आहे.